मढव्यांची वंशावळ

झहूर मुकादम सरांनी गर्दी जमवायचे जेवढे म्हणून प्रयत्न केले ते सगळे फसले, आणि जो एकच फसला नाही त्यानं त्यांचा घात केला.

वाशीच्या त्या कॉलेजात ते चौदा वर्षं इतिहास शिकवत होते. कॉलेज मुळात कॉमर्सचं. आर्ट्सची एक तुकडी होती, ती असावी म्हणून. मुलं कुणाची, तर न्हावा शेवाला क्लिअरिंगचं काम बघणाऱ्यांची, कळंबोलीच्या लोखंडवाल्यांची आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत पाळी करणाऱ्यांची. बारावीला मार्क कमी पडले की ही मुलं आर्ट्सला यायची आणि आर्ट्समध्ये काहीच कळेनासं झालं की इतिहासाला. पहिल्या दिवशी कोणीतरी हमखास विचारायचं, “सर, हिस्ट्री घेऊन करायचं काय?” सर सांगायचे, “माणूस व्हायचं.” पुढच्या तासाला तो मुलगा दिसायचा नाही. चौदा वर्षांत सरांना याहून बरं उत्तर सुचलं नाही, हे मात्र खरं.

उत्साह दांडगा होता पण. सरांनी इतिहास मंडळ काढलं. बेलापूरचा किल्ला बघायला सहल काढली. अकरा नावं आली, बेलापूरला उतरले तिघंच, आणि त्यांतले दोघं बुरुजाआड जे गेले ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. पुरातत्त्व खात्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठेवलं, तर त्याच दिवशी रोझ डे. खाली पटांगणात गुलाब वाटले जात होते, वर हॉलमध्ये चार मुलं, शिपाई कोंडिबा आणि हॉल कधी रिकामा होणार हे विचारायला आलेला डेकोरेशनवाला. पाहुण्यांनी भल्या मनानं पूर्ण तासभर व्याख्यान दिलं. सर आभार मानायला उठले तेव्हा डेकोरेशनवाला मागच्या खुर्च्या उचलायला लागला होता.

स्टाफरूममध्ये थट्टा व्हायची. मुंबईत दंगली होऊन तीनच वर्षं झाली होती. “काय मुकादम, तुमच्याकडचा इतिहास वेगळा असेल नाही?” असं कोणीतरी चहा ढवळत म्हणायचं आणि बाकीचे पेपरात तोंड घालायचे. सर हसायचे. माणूस भिडस्त. कुणाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण या एका खोडीनं झालं असं मला वाटतं.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. “मॅनेजमेंटनं ठरवलंय. येत्या जूनला टीवायच्या इतिहासाला दहा फॉर्म आले तर विषय राहील. नाहीतर बंद. तुम्ही सरप्लस होणार नाही याची काळजी मी घेईन, कॉमर्सला फाउंडेशन कोर्स देऊ.”  फाउंडेशन कोर्स म्हणजे ज्याचे पेपर तपासणाऱ्यालाही तो विषय काय आहे ते सांगता येत नाही असा विषय. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, तेव्हा इतिहासाची मुलं होती सोळा, आणि त्यांतली पुढच्या वर्षी इतिहासच घेऊ म्हणणारी चार.

त्या चारांत योगिनी मढवी होती. तळवलीची, आगऱ्यांच्या घरातली. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच मुलगी. पहिल्या बाकावर बसून ती असे काही प्रश्न विचारायची की सरांना रात्री पुस्तकं काढून बसावं लागायचं. “सर, हे सगळं राजांचं झालं. पण आमच्या गावच्या खाडीत मीठ कोण पिकवायचं ते कुठं लिवलंय?” तिच्या या प्रश्नातूनच सरांच्या डोक्यात प्रदर्शनाची कल्पना आली. नाव ठरलं, ‘आपलं घर, आपली वंशावळ’. प्रत्येकानं घरच्या चार पिढ्यांचा तक्ता काढायचा. म्हाताऱ्यांना विचारायचं, फोटो मिळाले तर लावायचे, घरातली एखादी जुनी वस्तू आणून ठेवायची. आणि सरांची एक सक्त अट होती. बायकांची नावं गाळायची नाहीत. आज्या, आत्या, मावश्या, सगळ्या आल्या पाहिजेत. “तुमच्या घरातल्या कागदांवर फक्त पुरुष सापडतील,” ते वर्गात हात हलवून हलवून सांगत होते, “म्हणून तर आपण तक्ता काढतोय. नाहीतर कागद होतेच की.”

आणि काय आश्चर्य, पोरं पेटली! आर्ट्सची सोडा, कॉमर्सची मुलंही नावं द्यायला आली. दिवाळे गावच्या एका मुलानं आजोबांचं जाळं आणलं. एका मुलीनं पणजीची नथ आणली आणि दिवसभर तिच्यापाशी पहारा देत उभी राहिली. त्रेचाळीस तक्ते झाले. योगिनीनं तर आत्याला गाठायला तीन दुपारी घणसोलीच्या बाजारात काढल्या. आत्या शांती, बापाची थोरली बहीण, विधवा, सुकट-बोंबील विकून एकटी राहणारी. तिला सात पिढ्या तोंडपाठ होत्या. योगिनीचा तक्ता सर्वांत मोठा झाला. मधोमध आजोबा दादू मढवी, त्यांच्या खाली दोन फांद्या, शांती आणि दत्तू, आणि दत्तूच्या खाली ती स्वतः. अक्षर मोत्यासारखं. सरांनी तो दारासमोरच लावला.

जानेवारीत तीन दिवस प्रदर्शन चाललं. उद्घाटनाला बाबासो नावाचा प्लॉटचा दलाल होता, कारण मंडप आणि बॅनर त्याचे. कॉलेजात असंच चालायचं. ज्याचं बॅनर त्याची कात्री. त्यानं फीत कापली, नारळ फोडला आणि सरांबरोबर एक चक्कर मारायला निघाला. पहिल्याच तक्त्यापाशी थांबला. चष्मा लावून वाचला. परत वाचला. “पोरीनं लय मेहनत घेतली,” म्हणाला. सरांना धन्य वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एसवायची मुलं सरांभोवती जमली आणि पुढच्या वर्षी आपण इतिहासच घेणार असं एकेक जण सांगू लागला. सरांनी मोजले. योगिनीला धरून बरोब्बर दहा. घरी येऊन त्यांनी शमसुन्निसाला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती उर्दू शाळेत शिक्षिका, तिला वर्ग भरण्याचं कौतुक कळत होतं. तिनं त्या दिवशी तांदळाची खीर केली.

सोमवारी योगिनी आली नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी तिचा बाप दत्तू मढवी कॉलेजात आला आणि स्टाफरूमच्या दारातच ओरडला, “वंशावल काढनारा मास्तर कंचा?”

झालं होतं ते असं. मढव्यांची जमीन दादूच्या नावावर होती, ती नवी मुंबई वसवायला सरकारनं घेतली. वीसेक वर्षांनी आता तिच्या बदल्यात गावकऱ्यांना भूखंड मिळत होते. दत्तूनं कागद केले तेव्हा पंचांसमोर लिहून दिलं की दादूला दत्तू हा एकच वारस. गावात अर्ध्या घरांनी असंच लिहून दिलं होतं. लेक सासरी गेली की कागदातूनही जायची, आणि त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. दत्तूला मिळणारा भूखंड बाबासोच्या बिल्डरनं आधीच बोलून ठेवला होता. आणि उद्घाटन करून गेलेल्या बाबासोनं दुसऱ्या दिवशी तळवलीला जाऊन दत्तूला विचारलं, “पाटील, तुम्हाला बहीण आहे हे बोलला नाहीत?” बहीण उद्या कोर्टात गेली तर इमारत अडकायची. बिल्डर मागं सरला.

“माज्या घरातली मानसं भितीवर चिकटवायला तुमाला कोनी सांगितलं?” दत्तू विचारत होता. सर उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या हातातला खडू नुसता फिरत होता. “पोरगी आता घरीच ऱ्हाईल. वैशाखात लगीन लावतंय तिचं. शिकली तेवढी बास झाली.” तो गेला.  त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही, आणि सरांना ती शांतता जास्त झोंबली.

रविवारी ते तळवलीला गेले. दत्तूचं घर तीन मजल्यांचं, वरचे दोन बिनप्लास्टरचे. ओटीवर खुर्ची दिली गेली. दत्तू आता शांत होता, आणि शांत दत्तू ओरडणाऱ्या दत्तूपेक्षा अवघड निघाला.

“सर, तुमी भले मानूस. मला पन पोरीला बसवून ठेवायची हौस नाय. तुमी एक काम करा. कॉलेजच्या कागदावर लिवून द्या, का तक्ता खरा नवता. पोरांना शिकवायला काढलेला व्हता, नावं अशीच घातलेली. शिक्का मारा. बाबासोला तेवढा कागद पुरतो. पोरगी उद्यापासून कॉलेजात. पुडलं वर्स पन शिकंल, शबूद देतंय.”

“पण शांतीबाई तुमच्या सख्ख्या बहीण आहेत.”

“हायेच. मी कुठं नाय म्हनतंय? भाऊबीजेला तिला लुगरा नेतंय ना मी. कागदावर नको, इतकाच.”

योगिनी पाणी घेऊन आली. आठवड्यात पोरगी सुकली होती. तांब्या ठेवताना ती खाली वाकली आणि बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “सर, नका.”

सरांनी ऐकलं. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्यांनी स्वतःला बऱ्याचदा समजावलं की आपण नीट ऐकलं नव्हतं.

घरी शमसुन्निसानं सगळं ऐकून घेतलं. “चिट्ठी देऊ नका,” ती म्हणाली.

“मग मुलीचं लग्न लागतंय. वीस वर्षांची मुलगी. तिचं शिक्षण जातं.”

“आणि तुमचा दहावा फॉर्म जातो.”

सर चिडले. त्यांना असं चिडलेलं तिनं क्वचितच पाहिलं होतं. मग तीही चिडली आणि बोलू नये ते बोलली. “शेव्याची आपली जमीन बंदरात गेली तेव्हा हक्कसोडीवर अमरीनची सही आणायला कोण गेलं होतं? बहिणीची सही तुम्हीच आणलीत ना? तिनं विचारलं पण नाही कशावर करतेय. तेव्हा कुठं होता तुमचा इतिहास?” सर त्या रात्री जेवले नाहीत. बायकोचं खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच ते उपयोगाचं नव्हतं. ज्यानं आपल्या बहिणीचं नाव काढलंय त्यानं दुसऱ्याच्या बहिणीसाठी कोणत्या तोंडानं भांडायचं, असा त्यांनी अर्थ काढला. भित्र्या माणसाला असा अर्थ बरोबर सापडतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागाच्या कागदावर लिहिलं: ‘प्रदर्शनातील तक्ते विद्यार्थ्यांच्या सरावासाठी केलेले असून त्यांतील काही नावे काल्पनिक आहेत. कु. योगिनी दत्तू मढवी हिच्या तक्त्यातील “शांती” हे नावही काल्पनिक आहे.’ खाली सही केली. इतिहास विभागाचा गोल शिक्का होता, विभागात माणूस एकटाच असला तरी. तो मारला. कोंडिबानं पाकीट नेऊन दिलं.

दत्तू शब्दाला पक्का निघाला. बुधवारी योगिनी वर्गात होती, फक्त पहिल्या बाकावर नव्हती. ती मागं खिडकीपाशी बसली. हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायची, लिहून घ्यायची, तास संपला की जायची. प्रश्न एकही नाही. सरांनी मिठागरांवरचं जुनं गॅझेटिअर मुद्दाम काढून आणलं, वर्गात वाचून दाखवलं, तिच्याकडे बघत राहिले. तिनं तारखा उतरवून घेतल्या. परीक्षेची धास्ती असेल, असं सरांनी मनाला सांगितलं.

मार्चमध्ये शांती कॉलेजात आली. टोपली गेटवरच्या वॉचमनपाशी ठेवून, पदरानं हात पुसत, मजले चढून वर. सरांसमोर तिनं त्याच कागदाची झेरॉक्स उघडली. भावाकडं वाटा मागायला गेली होती, तेव्हा तिच्या हातात ती दिली गेली होती.

“मास्तर, मला वाचता येत नाय. माजं नाव कुठं हाय यात?”

सरांनी बोट ठेवलं.

“आनि फुडं काय लिवलंय?”

“काल्पनिक आहे.”

“म्हंजे काय वो?”

 “म्हणजे… खरोखर नसलेली.”

शांती हसली. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. “मी नाय? बरा हाय की. मंग रोज पाटी कोन उचलतं?” मग तिनं कागदाची घडी घातली. “माजी योगी बोलली का सर चांगले हायेत. मंग तुमी असं काय लिवलं? आता दुसरा लिवून द्या. का हाय म्हनून. तेवढाच.”

दोन ओळी लिहायच्या होत्या. कागद समोर होता, शिक्का खणात होता. सरांनी मनात हिशेब घातला: आज लिहिलं तर उद्या दत्तू मुलीला उठवणार, परीक्षा तीन आठवड्यांवर. जूनमध्ये तिचा टीवायचा फॉर्म एकदा भरून झाला की मग लिहायला हरकत नाही. “जूनमध्ये या,” ते म्हणाले. “नक्की देतो. आत्ता दिलं तर योगिनीचं नुकसान होईल.”

योगिनीचं नाव ऐकलं आणि शांती लगेच उठली. “नको नको. पोरीचं वाकडं नको. जूनमधी येतंय.” जिना उतरताना ती एकेका पायरीला थांबत होती. सर दारातून बघत राहिले. त्यांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरी त्यांनी तिला हाक मारली नाही.

मे महिन्यात दत्तूच्या भूखंडाचं सगळं उरकलं. बिल्डरनं चर खणायला घेतले. शांती जूनमध्ये आली नाही, कशाला येईल?

निकाल लागला. योगिनी इतिहासात वर्गात पहिली. फॉर्म भरायच्या दिवशी सर सकाळी नऊपासून विभागात बसून होते. एकेक मुलगा येऊन सही घेऊन गेला. दुपारपर्यंत नऊ झाले. नऊच्या नऊही जणांनी शब्द पाळला होता, ज्यांच्यावर सरांचा कधीच भरवसा नव्हता त्यांनीसुद्धा. प्राचार्य एकदा डोकावून गेले आणि म्हणाले, “एकच राहिलाय ना? मग झालंच म्हणायचं.”

तीन वाजता योगिनी आली. सर खुर्चीतून अर्धे उठले. तिनं फॉर्म पुढं ठेवला. विषयाच्या रकान्यात अर्थशास्त्र लिहिलं होतं. एसवायचा विषय सोडायचा असेल तर त्या विभागाच्या प्रमुखाची ना-हरकत सही लागते. तिला तेवढीच हवी होती.

“योगिनी, तू पहिली आलीस.”

“हो सर.”

“वडील नको म्हणाले का? मी बोलतो त्यांच्याशी. त्यांनी शब्द दिलाय.”

“बाबा नको म्हणाले नाहीत. ते तर म्हणाले, सरांकडंच शिक, सर आपल्या कामाला आले.”

 सर न राहवून म्हणाले, “ते मी तुझ्यासाठी लिहिलं गं.” बोलता बोलताच त्यांना आपला आवाज खोटा वाटला. तुझ्यासाठी की या दहाव्या कागदासाठी, हे त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं आणि पुढंही कधी आलं नाही.

“ठाऊक आहे सर,” योगिनी म्हणाली. ती रडत नव्हती. “माझ्या बारशाला माझं नाव आत्यानं ठेवलं. आमच्यात आत्याच बाळाच्या कानात नाव सांगते. तक्त्यात मी सगळ्यात खाली तेच नाव लिहिलं होतं. ती जर काल्पनिक, तर मग माझं नाव कुणी ठेवलं ते तुम्ही सांगा, मी इतिहास घेते.”

पंखा फिरत होता. खाली पटांगणात नवीन पोरं ॲडमिशनच्या रांगेत ढकलाढकली करत होती.  योगिनी उभीच होती. उत्तर मिळालं तर घ्यावं म्हणून खरोखर वाट बघत होती. शेवटी सरांनी पेन उघडलं आणि ना-हरकतीच्या रकान्यात सही केली.